साडेआठचं भोक

ड्राफ्ट्समन म्हणजे नक्की काय करतो, हे मला माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत समजावून सांगता आलं नाही. १९७९ साली जुन्नरजवळच्या त्यांच्या घरी आमच्या लग्नाची बोलणी चालली होती, तेव्हा त्यांनी मला सरळच विचारलं, "चिंचवडला काय करता आपण?" मी म्हटलं, "ड्रॉइंग काढतो." त्यावर ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग माझ्या वडिलांकडे वळून म्हणाले, "चित्रं काढतात होय? आणि त्याचा पगार देतात?" पगाराचा आकडा ऐकल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला, पण गावात मात्र 'जावई कारखान्यात पेंटर आहेत' असंच ते सांगत राहिले. पहिल्या दिवाळसणाला गेलो, तर त्यांनी बैलगाडीच्या फळीवर नाव घालायचं काम माझ्यापुढे ठेवलं. जावयाला नाही म्हणता येत नाही. मी नाव घातलं, पण हाताला ड्रॉइंगवरच्या अक्षरांची सवय. सगळी अक्षरं पंचाहत्तर अंशांत तिरपी आली. ती गाडी उभी असली तरी पळते आहे असं वाटायचं.

वास्तविक आमचा धंदा चित्रकलेचा नाहीच, निरोपाचा आहे. एकाच्या डोक्यातली वस्तू, जो त्याला कधी भेटणार नाही अशा दुसऱ्याच्या हातून जशीच्या तशी करून घ्यायची. हे शास्त्र गास्पार मोंझ नावाच्या फ्रेंच माणसानं अठराव्या शतकात बसवलं आणि तिथल्या लष्करानं ते कित्येक वर्षं गुपित म्हणून कुलपात ठेवलं होतं. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटायचा. जे एके काळी फ्रान्सचं लष्करी गुपित होतं, ते मी रोज सकाळी साडेआठपासून कंपनीच्या कॅन्टीनच्या चहावर करत होतो.

पिंपरीला १९५४ साली पेनिसिलीनचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली एमआयडीसी आली आणि मग आकुर्डी, चिंचवड, भोसरी असा सगळा माळ मशीनच्या आवाजानं भरून गेला. मोठ्या कारखान्यांनी रेषा काढायच्या आणि भोसरीच्या गाळ्यांमधल्या लहान कारखानदारांनी त्यांचं लोखंड करायचं, अशी वाटणी झाली. मधला निरोप म्हणजे आमचं ड्रॉइंग. ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढायचं, चुकलं की दाढीच्या ब्लेडनं खरवडायचं, आणि मग अमोनियाच्या मशीनवर त्याच्या प्रती काढायच्या. लोक त्याला ब्लू प्रिंट म्हणत. खरी निळी ब्लू प्रिंट निघाली जॉन हर्शेल या शास्त्रज्ञानं १८४२ साली शोधलेल्या युक्तीतून. तिच्यात जमीन निळी आणि रेषा पांढऱ्या. आमच्यात उलटं. आमच्या प्रिंट काढणाऱ्या खोलीतून माणूस डोळे पुसतच बाहेर यायचा. नव्यानं लागलेल्या एका क्लार्कनं त्याच्या घरी काही वाईट घडलं असेल म्हणून दोनदा वर्गणी गोळा केली होती.

निरोप तेव्हाही चुकत. आमच्या पट्ट्यात निम्म्या कंपन्यांचं सहकार्य जर्मनांशी, उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं अमेरिकनांशी. जर्मन माणूस वस्तूची उजवी बाजू ड्रॉइंगमध्ये डावीकडे काढतो, अमेरिकन उजवीकडे. याला फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल म्हणतात. कोपऱ्यात आडव्या पडलेल्या बादलीसारखी एक बारीक खूण असते, तिच्यावरून कुठली पद्धत ते ओळखायचं. १९८१ साली एक अमेरिकन ड्रॉइंग उतरवताना मी ती बादली बघितलीच नाही. चाळीस ब्रॅकेटं तयार होऊन आली ती सगळी डाव्या हाताची. आमच्या चीफ ड्राफ्ट्समननी एक ब्रॅकेट उचलून शांतपणे विचारलं, "ही आरशात बसवायचीयत का?" त्या बादलीत मी त्या दिवशी पुरता बुडालो.

पण त्या काळात एक सोय होती. ड्रॉइंग घेऊन माणूस जायचा. सायकलच्या कॅरिअरला गुंडाळी बांधून तो भोसरीला पोचला, की तिथला मेस्त्री ती खाटेवर पसरायचा, कानावरची पेन्सिल काढायचा आणि म्हणायचा, "हे दहा लिहिलंय ते दहाच ना? की साहेब घाईत होते?" या प्रश्नांत किती लोखंड वाचलं असेल याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

आमच्याकडे कॉम्प्युटर आला १९८८ साली. त्याच्यासाठी वेगळी खोली, एअरकंडिशनर आणि पडदे. आम्ही अकरा माणसं बाहेर दोन पंख्यांखाली. आत जाताना चपला काढायच्या. एक ज्येष्ठ सहकारी सवयीनं उंबऱ्याला हात लावून नमस्कार करायचे. आतला देव होता ऑटोकॅड. जॉन वॉकर आणि त्याच्या मित्रांनी १९८२ मध्ये ऑटोडेस्क कंपनी काढली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात हा प्रोग्रॅम विकायला काढला. पडद्यावर रेषा काढायचा चमत्कार त्याच्याही आधी, १९६३ साली, आयव्हन सदरलंड नावाच्या विद्यार्थ्यानं अमेरिकेत एमआयटीत करून दाखवला होता. पण त्याला लागणारं यंत्र खोलीभर होतं. वॉकरचं टेबलावर मावत होतं.

या ऑटोकॅडच्या दोन भाषा होत्या. घरातल्या घरात बोलायची डीडब्ल्यूजी. ती कशी लिहितात ते कंपनी कुणाला सांगत नसे. आणि पाहुण्यांशी बोलायची डीएक्सएफ. तिचं व्याकरण तिनं जाहीर केलेलं होतं. म्हणजे आपल्याकडे नाही का, भांडण एका भाषेत आणि 'या, बसा' दुसऱ्या भाषेत. बाकीच्या कंपन्यांना घरातली भाषा ऐकायची इतकी उत्सुकता, की १९९८ साली काही जणांनी संघ काढून डीडब्ल्यूजीचा उलगडा स्वतःच करायला घेतला. भिंतीला कान लावणाऱ्यांची अशी रीतसर संस्था मी दुसरी पाहिली नाही.

डीएक्सएफची फाइल साधी अक्षरात लिहिलेली असते. मी एकदा ती नुसतीच उघडून वाचली. शून्य; खालच्या ओळीत 'लाइन'. मग आठ, खाली थराचं नाव. मग दहा, खाली एक आकडा; वीस, खाली दुसरा आकडा. असं पानंच्या पानं. एका वॉशरसाठी इतकी मोठी पोथी! पण तिच्यात एक गोष्ट सापडेना. आकडा होता चाळीस. चाळीस काय? मिलिमीटर की इंच? ते लिहायची जागाच तेव्हाच्या डीएक्सएफमध्ये नव्हती. काढणाऱ्याच्या मनात असेल तेच खरं. आमचा चाळीस मिलिमीटरचा वॉशर एका कटिंगवाल्याकडे चाळीस इंची झाला. तीन फुटांहून मोठा! त्यानं फोन करून विचारलं, "साहेब, हा वॉशर आहे का बैलगाडीचं चाक?" मला सासऱ्यांची आठवण झाली. त्यानं विचारलं म्हणून पत्रा वाचला. अमेरिकेचं मंगळाकडे गेलेलं यान सप्टेंबर १९९९ मध्ये याच जातीच्या घोटाळ्यात गेलं. एकानं पौंडात सांगितलं, दुसऱ्यानं न्यूटन समजून ऐकलं. तिथे मधे कटिंगवाला नव्हता.

शिवाय बारीकसारीक छळ होतेच. व्यासाची खूण, म्हणजे गोल आणि त्यात तिरपी रेघ, ही दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये गेली की तिथं कधी प्रश्नचिन्ह उमटे, कधी टक्क्याच्या दोन खुणा आणि पुढे 'सी'. एका नव्या पोरानं परचेसला विचारलं होतं, "हे पंचवीस मापावर किती टक्के सूट आहे?"

मोठ्यांनीही या भाषेच्या प्रश्नावर डोकी फोडली. बोइंग, जनरल इलेक्ट्रिक आणि अमेरिकेचा सरकारी मानक विभाग यांनी मिळून १९८० साली सगळ्यांसाठी एक समाईक भाषा काढली, आयजीईएस. आमची पोरं तिला 'आयजेस' म्हणत. तिची प्रत्येक ओळ ऐंशी अक्षरांची, कारण जुनी भोकाभोकांची कार्डं ऐंशी रकान्यांची होती. बैल गेला तरी जूं तेवढ्याच मापाचं. या भाषेत सगळं होतं. फक्त प्रत्येक प्रोग्रॅम त्यातलं सोयीचं तेवढं बोलायचा. मग १९८४ पासून जगभरचे तज्ज्ञ पुन्हा बसले आणि 'स्टेप' नावाचं आंतरराष्ट्रीय मानक त्यांनी १९९४ मध्ये छापून बाहेर काढलं. दहा वर्षं! आमच्या प्राधिकरणातल्या सोसायटीला पाण्याच्या टाकीचा ठराव करायला सात लागली होती, तेव्हा मी या मंडळींना दोष देणार नाही. स्टेप चांगली निघाली. आज भोसरीपासून जर्मनीपर्यंत वस्तूचा घनाकार बिनबोभाट पोचतो तो बहुतेक तिच्याच पाठीवरून.

आकार पोचतो. मूळ प्रोग्रॅममध्ये 'हे भोक त्या कडेपासून नेहमी पंधरावर राहील' अशी वस्तूला जी समज दिलेली असते, ती मागे राहते. पलीकडे गेलेल्या अशा वस्तूला आमच्या क्षेत्रात 'डंब सॉलिड' म्हणतात. घन, पण मुका. दिसतो तंतोतंत तसाच. विचारलं, "हे असं का?" तर बोलत नाही.

आणि एकाच प्रोग्रॅमच्या दोन पिढ्यांचंही पटतंच असं नाही. एअरबसच्या ए-३८० या दुमजली विमानाच्या वायरिंगचं काम हँबर्गमध्ये कॅटिया प्रोग्रॅमच्या चौथ्या आवृत्तीवर चाललं होतं, आणि तुलूझची मंडळी पाचव्या आवृत्तीवर गेलेली. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर. जुळणीला घेतली, तर जुडगे ठिकठिकाणी आखूड! वायर कशी वळते याचा हिशेब दोन्हीकडे सारखा उतरला नव्हता. जून २००६ मध्ये मूळ कंपनीचे समभाग एका दिवसात पाव हिश्श्याहून जास्त घसरले, अब्जावधी युरोंचा फटका बसला आणि पहिलं विमान गिऱ्हाइकाला मिळालं ते ऑक्टोबर २००७ मध्ये. हे वाचून मला मनातून थोडं बरं वाटलं, हे कबूल करतो. माझी नुसती चाळीस ब्रॅकेटंच होती.

तोवर आमचं चाकण बदललं होतं. माझ्या तरुणपणी चाकण म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार आणि १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाविरुद्ध लढवलेला किल्ला. २००९ साली तिथं फोक्सवॅगन आणि मर्सिडीज या दोन्ही जर्मन कंपन्यांचे नवे कारखाने उभे राहिले. एकाच भाषेचे, एकाच देशाचे, काही मैलांवरचे शेजारी. आणि २०१० च्या अखेरीस मर्सिडीजच्या मालकांनी, म्हणजे डाइमलरनी, जर्मनीत जाहीर केलं, की आम्ही कॅटिया सोडून सीमेन्सचा एनएक्स घेणार. फोक्सवॅगन कॅटियावरच. त्या एका निर्णयानं जगभरच्या किती वेंडरांना दोन चुली मांडाव्या लागल्या असतील, ते आमच्या भोसरीला विचारावं. हे प्रोग्रॅम लाखांत विकले जातात. साताठ कंपन्यांची कामं करणाऱ्या गाळेवाल्यानं साताठ भाषा विकत घ्यायच्या म्हणजे मशीन कशावर घ्यायचं?

आता माझ्या मेहुण्यांची गोष्ट. बोलणीच्या वेळी अर्ध्या चड्डीत दारामागून बघणारा हा मुलगा पुढे आयटीआय झाला आणि १९९१ साली त्यानं भोसरीत गाळा घेतला. २०१२ च्या मार्चमधला एक गुरुवार. आमच्या पट्ट्यातला रविवार गुरुवारी येतो. हिनं खास भावासाठी मासवड्या केलेल्या. आणि तो ताटावर नुसता बसून राहिला. जुन्नरचा माणूस मासवडी बाजूला सारतो, म्हणजे प्रकरण दवाखान्याचं किंवा बँकेचं. शेवटी त्यानं पिशवीतून एक लोखंडी प्लेट काढली आणि ताटाशेजारी ठेवली. बारा मिलिमीटर जाड, कडेला चार भोकं.

"दाजी, तुम्हीच बघा. त्यांनी फाइल पाठवली स्टेपमधी. आमच्याकडं त्यांचा प्रोग्रॅम नाही. फाइलमधी साडेआठचं भोक, मी साडेआठचं पाडलं. तीनशे प्लेटी परत पाठवल्या, नऊशे गाळ्यात पडून आहेत. म्हणतात आटे कुठंयत? आता आटे मी कुठून आणू? फाइलमधी आटे नाहीत!"

नव्या मशीनचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला होता. हे त्यानं सांगितलं नाही, ही म्हणाली.

मी चष्मा चढवला आणि प्लेट हातात घेतली. खरं तर बघायची गरजच नव्हती. सहाच्या आट्यांना पाचचं भोक, आठला सहा पूर्णांक आठ, दहाला साडेआठ; हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ. "अरे," मी म्हटलं, "साडेआठचं भोक कुणी नुसतं करतो का? आठचा बोल्ट आरपार घालायचा तर नऊचं पाडतील, दहाचा घालायचा तर अकराचं. साडेआठ म्हणजे दहाचे आटेच पाडायचे असणार."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग कपाळाला हात लावला. "माझ्या मेस्त्रीनं सांगितलं असतं," तो म्हणाला. "गेल्या वर्षी रिटायर झाला."

झालं होतं असं, की त्या प्रोग्रॅममध्ये आटे खरोखरीचे कोरत नाहीत. फाइल फार जड होते. भोकावर नुसती चिठ्ठी लावतात, 'इथे दहाचे आटे'. स्टेपनं भोक उचललं, चिठ्ठी तिथेच राहिली. चिठ्ठीसकट कागदी ड्रॉइंग 'मागाहून पाठवतो' असं कळवलं होतं. ते मागाहून म्हणजे माल परत आल्यावर आलं. २०१४ साली स्टेपची नवी आवृत्ती निघाली, तिच्यात मापांच्या सवलती आणि शेरेसुद्धा आकाराबरोबर नेण्याची सोय आहे. अर्थात दोन्ही टोकांच्या प्रोग्रॅमनी ती मनावर घेतली तर. पण मेहुण्यांचा हप्ता २०१२ चा होता.

नशीब इतकंच, की कमी पाडलेलं भोक सुधारता येतं. तो जेवण अर्धं टाकून गेला. बाराशे प्लेटी, चार चार भोकं, अठ्ठेचाळीसशे वेळा टॅप फिरवला. पोरांनी दोन रात्री गाळ्यातच काढल्या. माल पास झाला. उशिराचा दंड आणि जाण्यायेण्याचं भाडं कंपनीनं बिलातून कापून घेतलं. चूक कुणाची, या रकान्यात त्याच्याच गाळ्याचं नाव लागलं. त्यानं वाद घातला नाही. वाद घालणाऱ्या वेंडरला पुढची फाइलच येत नाही, आटे असलेली ना नसलेली.

तेव्हापासून दर गुरुवारी मेहुणे लॅपटॉप घेऊन येतात. पगार मासवडीवर. मी पडद्यावरची भोकं मोजत बसतो आणि सहा पूर्णांक आठ किंवा साडेआठ दिसलं की ओरडतो, "फोन लाव!" पलीकडचा तरुण इंजिनिअर म्हणतो, "हो सर, थ्रेड आहे, विसरलो." बिचारा भला आहे. त्याला भोसरीत पाठवत नाहीत, एवढंच.

२०१६ साली गाळ्याला पंचवीस वर्षं झाली. मेहुण्यांनी फ्लेक्स लावायचं ठरवलं आणि मजकुराचं काम घरातला कलाकार म्हणून माझ्याकडे आलं. शेवटी सासऱ्यांचंच खरं झालं. मी एका ओळखीच्या मुलाकडून कोरलड्रॉमध्ये झकास फाइल करून घेतली आणि पेन ड्राइव्हवर घालून पिंपरीच्या फ्लेक्सवाल्याकडे नेली. त्यानं उघडली, तर 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरं, एक डॉलर आणि दोन उद्गारचिन्हं! युनिकोड सर्रास वापरात येण्याआधीचे आपले मराठी फाँट म्हणजे प्रत्येकाचं वेगळं संस्थान. पुण्यातच श्रीलिपी झाली, पुण्यातच सी-डॅकचं आयएसएम झालं. पण एकाचा 'क' दुसऱ्याच्या घरी गेला तर त्याला कुणी ओळखत नाही. त्या मुलाचा फाँट फ्लेक्सवाल्याकडे नव्हता.

फ्लेक्सवाल्यानं मान वर न करता सांगितलं, "कर्व्ह करून आणा, काका."

कर्व्ह करणं म्हणजे अक्षरांना चित्र करून टाकणं. मग फाँट असो नसो, दिसायला अक्षर तसंच दिसतं. फक्त ते अक्षर आहे हे कॉम्प्युटर विसरतो. मी मनात म्हटलं, आला, मुका घन इथंही आला. करून आणलं. या वेळी सगळं बरोबर उमटलं आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की मथळ्यात 'रौप्यमहोत्सव' च्या ऐवजी 'रोप्यमहोत्सव' झालंय. चूक माझीच; मजकूर मी दिला होता. दुरुस्त करायला आता तिथं शब्दच उरला नव्हता, सगळी चित्रंच. संध्याकाळी सहाला सत्यनारायण आणि तो मुलगा फोन उचलेना.

फ्लेक्सवाल्यानं एक सुस्कारा सोडला. खालच्या ओळीत 'आपले नम्र' होतं; त्यातल्या 'ले' वरची मात्रा त्यानं निवडली, तिची नक्कल केली, वर ओढत नेली आणि 'रो' च्या डोक्यावर बसवली. लहान पडली. ताणली. जरा तिरपी झाली.

"चालेल का काका?"

मी कोन डोळ्यांनी मोजला. पंचाहत्तर अंश असावा. म्हटलं, "छापा."